रुग्णाचा कल की घरचा जिना?

बावधन बुद्रुकच्या जुन्या गावठाणात आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. (वाईजवळचे बगाडाचे बावधन वेगळे. हे पुण्याच्या पश्चिमेचे, चांदणी चौकापलीकडचे, मुळशी तालुक्यातले.) गुडघेदुखीमुळे गेली काही वर्षे त्यांना जिना चढणे, खाली बसणे अवघड झाले होते. अखेर डाव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरले. त्याआधीच्या तपासण्यांसाठी त्या शहरातील एका रुग्णालयात गेल्या, तेव्हा रक्त-लघवीच्या चिठ्ठ्यांबरोबर त्यांच्या हातात एक छापील प्रश्नावलीही देण्यात आली.

त्यातला एक प्रश्न असा होता : ‘शस्त्रक्रिया झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी घरी जाण्यास आपण तयार आहात का?’ उत्तरासाठी तीन चौकोन होते – हो, नाही, सांगता येत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्यांसाठी खाली कारणे दिली होती : भीती वाटते, वेदना सहन होणार नाहीत, माहिती अपुरी आहे, इतर. बाईंनी ‘नाही’वर खूण केली आणि ‘इतर’पुढच्या बोटभर रेघेवर एकच शब्द लिहिला – ‘जिना’.

बाईंच्या घराची निजायची खोली वर आहे. कमोडही वरच आहे. वर जायला बाहेरून लोखंडी, अरुंद, उभा जिना आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशीच तो कसा चढणार, एवढेच त्यांना सांगायचे होते.

अशा कागदांची बेरीज झाली, की ‘इतके टक्के रुग्ण त्याच दिवशी घरी जाण्यास तयार नाहीत’ असे एक वाक्य तयार होते. पुढे त्याचा अर्थ ‘रुग्णांच्या मनात भीती आहे, त्यांचे प्रबोधन केले पाहिजे’ असा लावला जातो. या वाक्यात जिना कुठेच उरत नाही. तो कसा गळतो, हे आम्हांला या लेखात तपासायचे आहे. प्रश्न विचारणे हा शिक्षकांचा रोजचा व्यवसाय. चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर मिळाले तरी त्यातून ज्ञान मिळत नाही, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

मुक्काम का आखडला?

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. झिजलेल्या सांध्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवण्याचे आजचे तंत्र इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांच्या कामातून उभे राहिले. खुब्याच्या सांध्यासाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली. ती लवकर झिजली आणि प्रयोग फसला. मग १९६२च्या नोव्हेंबरात त्यांनी अतिघन पॉलिएथिलिनची वाटी आणि धातूचा लहान गोळा अशी जोडी वापरली. घर्षण कमी झाले, झीज कमी झाली आणि सांधा टिकू लागला. गुडघ्यातही तत्त्व तेच आहे. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये पॉलिएथिलिनची गादी.

त्या काळी अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण काही आठवडे रुग्णालयात असे. पुढे आठवड्यांचे दिवस झाले आणि आता काही ठिकाणी दिवसांचे तास झाले आहेत. हे एका शोधामुळे घडले नाही. अनेक लहान सुधारणा एकत्र आल्या. कमरेखालचा भाग बधिर करणारी, लवकर उतरणारी भूल आली. सिडनीतील डेनिस केर आणि लॉरेन्स कोहान यांनी सांध्याभोवतीच्या पेशीजालात बधिर करणारे औषध टोचण्याची पद्धत २००८ साली प्रसिद्ध केली. तिच्यामुळे पहिल्या काही तासांतील वेदना काबूत येऊ लागल्या आणि पाय हलवण्याची ताकदही राहू लागली. ट्रानेक्झामिक आम्ल या औषधाने रक्तस्राव घटला. हे औषध जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ सालीच, म्हणजे चार्नलींच्या यशाच्याच वर्षी, पुढे आणले होते. सांधेबदलात त्याचा सर्रास वापर मात्र पुष्कळ उशिरा सुरू झाला.

सर्वांत मोठा बदल विचारात झाला. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात असे मांडले, की शस्त्रक्रियेनंतरचा अशक्तपणा बऱ्याच अंशी आपण रुग्णाला उपाशी, निजवून आणि नळ्यांना बांधून ठेवतो त्यामुळे येतो. पडून राहिले की पायाच्या शिरांतले रक्त संथ होते, गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि स्नायू झपाट्याने रोडावतात. म्हणून आता शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रुग्णाला वॉकर धरून उभे करतात. ‘शस्त्रक्रिया म्हणजे पडून विश्रांती’ ही आपल्याकडची रूढ समजूत सांधेबदलाच्या बाबतीत चुकीची आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रुग्णांचे सगळेच म्हणणे बरोबर, असा आमचा दावा नाही.

ही समजूत आली कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०००मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी आले होते. जून २००१मध्ये त्याच रुग्णालयात उजवा गुडघा बदलला गेला. पंतप्रधान कसे आहेत, कधी उठले, कधी चालले, याच्या बातम्या लोक वाचत होते. ‘गुडघे बदलता येतात’ हे महाराष्ट्रातल्या अनेक घरांना तेव्हा पहिल्यांदा कळले. त्याबरोबरच मोठे रुग्णालय, मोठे डॉक्टर आणि दिवसांचा मुक्काम हे चित्रही मनात बसले. त्या जुन्या चित्रावरून आजचा निर्णय घेणाऱ्याला अडाणी म्हणण्यापूर्वी, नवे चित्र त्याला कोणी दाखवले का, हे विचारायला हवे.

शब्दाचाच घोळ

इंग्रजीत या पद्धतीला ‘बाह्यरुग्ण’ शस्त्रक्रिया म्हणतात. आपल्याकडे बाह्यरुग्ण म्हणजे ओपीडी, म्हणजे केस पेपर काढून रांगेत बसणे आणि गोळ्या घेऊन घरी येणे. ‘तुमचा गुडघा ओपीडीत बदलू’ असे म्हटले तर कोण तयार होईल? म्हणून पुण्यातली रुग्णालये ‘डे-केअर’ हा शब्द वापरतात. त्याने भीती थोडी कमी होते, पण अर्थ पक्का होत नाही.

घोळ केवळ मराठीत आहे असेही नाही. अमेरिकेत ‘बाह्यरुग्ण’ ही वैद्यकीय संज्ञा आहे तितकीच हिशेबाचीही आहे. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने १ जानेवारी २०१८पासून गुडघेबदल आणि १ जानेवारी २०२०पासून खुबाबदल ‘केवळ आंतररुग्णांसाठी’ असलेल्या यादीतून काढले. त्यामुळे एखादा रुग्ण रात्रभर रुग्णालयात झोपूनही कागदोपत्री बाह्यरुग्ण असू शकतो. तेव्हा ‘बाह्यरुग्ण सांधेबदल सुरक्षित आहे’ असे वाक्य वाचले, की पहिला प्रश्न विचारावा : हे लोक त्या रात्री नेमके कुठे झोपले होते?

आपल्याकडे विम्याची गाठ उलट दिशेने बसते. अनेक आरोग्य विमा पॉलिसींच्या व्याख्येत ‘रुग्णालयात दाखल होणे’ म्हणजे किमान सलग २४ तास. काही उपचारांना यातून सूट असते, पण ती कोणाला आणि कशाला, हे पॉलिसीप्रमाणे बदलते. कॅशलेसची मंजुरी अडकेल या धास्तीने एखादा ठणठणीत रुग्णही ‘रात्रभर राहतो’ म्हणतो. प्रश्नावलीत त्याची नोंद काय होणार? ‘नाही’. त्या ‘नाही’ला कारण काय लागणार? बहुधा भीती.

प्रश्न कुठे चुकतो?

रुग्णांचा कल मोजणाऱ्या पाहण्या गेल्या काही वर्षांत बऱ्याच झाल्या. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील एका पथकाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अशा एका पाहणीत शस्त्रक्रिया ठरलेल्या ११० रुग्णांना त्यांच्या अपेक्षा आणि दृष्टिकोन विचारले होते. रुग्णाला विचारावे असे डॉक्टरांना वाटू लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. आमचा आक्षेप विचारण्याला नाही. विचारण्याच्या पद्धतीवर आणि उत्तराच्या वाचनावर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप : माहिती देण्याआधी मत विचारले जाते. त्याच दिवशी घरी सोडण्याची पद्धत अस्तित्वात आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचे तिच्याविषयीचे मत म्हणजे त्या क्षणीचा धसका असतो. धडा शिकवण्याआधी परीक्षा घेतली, तर निकालावरून मुलांची बुद्धी ठरवता येईल का?

दुसरा आक्षेप : उत्तर एकट्या माणसाचे मानले जाते. घरी गेल्यावर रात्री दोनदा उठवून शौचालयात कोण नेणार, जखमेची पट्टी कोण पाहणार, गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळणार? आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी यांच्याकडे जाते. रुग्णालयातला एक दिवस कमी होतो, तेव्हा त्या दिवसाचे काम नाहीसे होत नाही. ते परिचारिकेच्या हातून सुनेच्या हातात येते, तेही प्रशिक्षणाशिवाय आणि पगाराशिवाय, पुष्कळदा नोकरीवर रजा टाकून. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७मध्ये सरकारने मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्यासाठी ती जीएसटी सोडून ५४,७२० रुपये अशी रुपयापर्यंत ठरवली गेली. घरच्या सेवेची किंमत मात्र कोणत्याच बिलात येत नाही आणि प्रश्नावलीत सुनेला एकही चौकोन नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘तयार आहात का?’ याचे उत्तर आणि प्रत्यक्षात जमेल का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा पुरावा एका चांगल्या प्रयोगातून मिळतो. अमेरिकेतील दोन केंद्रांवर खुबाबदलाच्या २२० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी केली गेली. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ७५ वर्षांखालचे, वॉकरशिवाय चालणारे, अतिस्थूल नसलेले असेच रुग्ण निवडले होते. दोन्हींपैकी कोणताही गट वाट्याला आला तरी चालेल, असे सर्वांनी मान्य केले होते. म्हणजे तयारी सगळ्यांचीच होती. काय झाले ते पाहा.

त्याच दिवशी घरी जाण्याच्या गटात ११२ जण होते. त्यांपैकी ८५ ठरल्याप्रमाणे गेले. २७ जणांना, म्हणजे जवळजवळ चारातल्या एकाला, थांबावे लागले. रात्रभर राहण्याच्या गटात १०८ जण होते. त्यांपैकी ८१ ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी गेले, ९ जण आणखी राहिले आणि १८ जण बरे वाटते म्हणून त्याच दिवशी स्वतःहून घरी निघाले! दुसऱ्या दिवशीच्या वेदना घरी गेलेल्यांच्या गटात थोड्या अधिक होत्या. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे किंवा तातडीने रुग्णालय गाठावे लागणे यांत मात्र फरक आढळला नाही.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. निवडक रुग्णांना त्याच दिवशी घरी सोडणे हा बेजबाबदारपणा नाही. त्याचबरोबर, ‘हो’ म्हणणाऱ्या, धडधाकट, निवडक लोकांतही चारातला एक त्या दिवशी जाऊ शकत नाही. मग जाण्याचा निर्णय आधीच्या आठवड्यात भरलेल्या चौकोनावरून करायचा, की संध्याकाळी रुग्ण उभा राहतो का, चक्कर येते का, लघवी होते का, हे पाहून? आपल्याकडे कित्येक जण दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढून मग येतात, मधुमेह आणि रक्तदाब बरोबर घेऊन येतात. एकाच वेळी दोन्ही गुडघे बदलून घेण्याची पद्धतही आपल्याकडे रूढ आहे. परदेशातल्या निवडक रुग्णांचे निष्कर्ष अशांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

एक चांगला प्रश्न

चांगला प्रश्न कसा असतो, याचेही उदाहरण आहे. केलेट आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी २०११ साली खुबा आणि गुडघा बदललेल्या २०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न सरळ होता : हा रुग्ण अजून रुग्णालयात का आहे? उत्तरात वेदना, चक्कर आणि अशक्तपणा ही शारीरिक कारणे आली, तशीच आणखी एक गोष्ट बाहेर आली. सुमारे पाचातल्या एका रुग्णाचा मुक्काम रक्त मिळण्याची, व्यायामोपचार सुरू होण्याची किंवा क्ष-किरण तपासणीची वाट पाहण्यात लांबला होता. म्हणजे दोष रुग्णाच्या शरीरात नव्हता आणि मनात तर नव्हताच. तो रुग्णालयाच्या वेळापत्रकात होता.

दोन प्रश्नांतला फरक पाहा. ‘तुम्ही तयार आहात का?’ हा प्रश्न रुग्णाकडे बोट दाखवतो. ‘तुम्ही अजून इथे का आहात?’ हा प्रश्न कारण शोधतो आणि कारण सापडले की उपाय करता येतो. चक्कर येत असेल तर औषध बदलता येते. व्यायामोपचार दुपारीच सुरू करता येतात. घरातला जिना अडवत असेल तर खाली खाट टाकता येते. ‘भीती’ या एका शब्दात हे सगळे कोंबले, तर उपाय म्हणून फक्त एक रंगीत माहितीपत्रक निघते.

बावधनसारख्या गावात हा फरक ठळक दिसतो. बावधन खुर्द १९९७ साली आणि बावधन बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आले. एकीकडे गावठाणातली उंबऱ्यांची, उभ्या जिन्यांची घरे आहेत, दुसरीकडे लिफ्ट असलेले उंच मनोरे. गावठाणात जिना अडवतो, पण हाक मारली तर चार माणसे धावतात. मनोऱ्यात लिफ्ट आणि कमोड आहे, पण मुले परदेशी आणि घरात सत्तरीतले दोघेच. रात्री काही झाले तर कोणाला उठवायचे, हा त्यांचा प्रश्न. दोघांनीही ‘नाही’वर खूण केली तर बेरजेत ते दोन होतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळी उत्तरे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

वर्गात काय करता येईल?

हा विषय आठवी-नववीच्या वर्गात सहज घेता येईल. मुलांना वर दिलेला मूळ प्रश्न द्या आणि ‘नाही’ उत्तर येण्याची जितकी कारणे सुचतील तितकी लिहायला सांगा. मग त्यांचे चार गट करा : माहिती, शरीर, घर, पैसा. कोणते कारण डॉक्टर दूर करू शकतील, कोणते घरचे लोक आणि कोणते फक्त विम्याचे नियम बदलून दूर होईल, याची चर्चा करा.

पुढची पायरी मोजमापाची. प्रत्येकाने आपल्या घरातल्या पायऱ्या मोजाव्यात, एका पायरीची उंची मोजावी, निजण्याच्या जागेपासून शौचालयापर्यंतचे अंतर आणि दारांची रुंदी मोजावी. एखाद्या औषधाच्या दुकानात वॉकरची रुंदी मोजून यावे. वॉकर घेतलेला माणूस आपल्या घरात रात्री शौचालयापर्यंत पोचेल का, याचे उत्तर आकड्यांत मिळेल. मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आजारांची नावानिशी यादी करू नये; माणसाचे दुखणे ही त्याची खाजगी बाब आहे.

शेवटी मुलांनी नवी प्रश्नावली तयार करावी. आमच्या मते तिची सुरुवात अशी असावी : ‘त्याच दिवशी घरी जाता येते हे तुम्हांला कोणी समजावून सांगितले आहे का? घरी किती पायऱ्या चढाव्या लागतात? कमोड आहे का? पहिल्या तीन रात्री जवळ कोण असेल, आणि त्या व्यक्तीला कोणी विचारले आहे का? रात्री अडचण आली तर फोन कोणाला कराल?’ एवढे झाल्यावर तयारीचा प्रश्न विचारावा. तो अनावश्यक ठरण्याचीही शक्यता आहे.

बाईंचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. त्या दोन रात्री रुग्णालयात राहिल्या. शस्त्रक्रियेच्या दिवशीच संध्याकाळी त्यांना वॉकर धरून उभे केले, दुसऱ्या दिवशी त्या व्हरांड्यात चालल्या. दरम्यान घरच्यांनी खालच्या खोलीत खाट टाकली आणि कमोडची खुर्ची आणून ठेवली. आता उजव्या गुडघ्याची वेळ जवळ येत आहे. परवा त्यांना भेटलो तेव्हा आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या म्हणाल्या, “खाली सगळी सोय झालीय. डॉक्टरांनी संध्याकाळी पाहून ‘जा’ म्हटलं, तर जाईन की! पण मी काही तेव्हा भित्री नव्हते आणि आता शूर झाले नाहीये. खाट खाली आली, एवढंच.”

पुढच्या पाहणीत त्यांची नोंद ‘हो’ म्हणून होईल. ‘प्रबोधनामुळे रुग्णांचा दृष्टिकोन बदलला’ असे कोणी त्यावरून लिहिले, तर ते चूक असेल. अशा वाक्यापाशी थांबून ‘नेमके काय बदलले?’ असे विचारणारे विद्यार्थी आपल्या वर्गांतून बाहेर पडावेत, म्हणून हा लेख.